व्हेरासॉनिक्स व्हँटेज २५६ : रॉ डेटा हातात देणारं अल्ट्रासाऊंड मशीन, रोज वापरणाऱ्या माणसाचा रिव्ह्यू

आमच्या लॅबमध्ये व्हेरासॉनिक्सचं व्हँटेज २५६ आहे आणि माझं निम्मं काम त्याच्यावरच चालतं, त्यामुळे पुण्या-मुंबईचे ज्युनियर्स अधूनमधून मेसेज करतात की ताई, आमचे सर असलंच काहीतरी घ्यायचं म्हणतायत, प्रपोजल लिहायचंय, घेण्यासारखं आहे का, आमच्या कामाचं आहे का. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. लांबणार आहे, पण मशीनच असं आहे की "मस्त आहे, घ्या" एवढं म्हणून भागत नाही.

आधी हे आहे काय ते. दवाखान्यातल्या सोनोग्राफी मशीनला प्रोब लावला की स्क्रीनवर चित्र येतं. गेन, डेप्थ, फोकस एवढं आपल्या हातात, बाकी आत काय चालतं ते कंपनीलाच ठाऊक. प्रोबच्या तोंडाशी बारीक बारीक क्रिस्टलची रांग असते, साधारण १२८ वगैरे, त्यातल्या कुठल्या क्रिस्टलला किती नॅनोसेकंद उशिरा पल्स द्यायचा आणि परत आलेले प्रतिध्वनी कसे जुळवून बेरजेत घ्यायचे हे सगळं आत ठरलेलं असतं आणि कुलूपबंद असतं. व्हँटेजमध्ये हे सगळं तुम्ही लिहायचं. कंपनी अमेरिकेतली, सिएटलच्या शेजारी कर्कलंडला. बॉक्समध्ये २५६ चॅनल आहेत, प्रत्येक चॅनल पाठवतोही आणि ऐकतोही, पाठवताना ९६ व्होल्टपर्यंत, ऐकताना १४ बिटमध्ये आणि सेकंदाला जास्तीत जास्त ६ कोटी २५ लाख सॅम्पल. आणि खरी गंमत म्हणजे हे सॅम्पल बीमफॉर्मिंग (म्हणजे प्रतिध्वनी जुळवून बेरीज) न करता, चॅनलनिहाय, जसेच्या तसे पीसीआय एक्सप्रेसच्या केबलवरून शेजारच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत येऊन पडतात. चित्र बनवणं हे पूर्णपणे सॉफ्टवेअरचं काम. माझ्या मते पैसे ह्याच गोष्टीचे आहेत, बाकी सगळं नंतर.

आता हाय-स्पीड, हाय-स्पीड म्हणतात ते कुठून येतं ते नीट समजून घ्या, कारण प्रपोजलमध्ये लोक बिनधास्त "१०,००० फ्रेम प्रति सेकंद" असं ठोकून देतात आणि मग कमिटीत कोणी विचारलं की गप्प. शरीरात आवाजाचा वेग साधारण १५४० मीटर प्रति सेकंद धरतात. ४ सेंटीमीटर खोल जाऊन परत यायचं म्हणजे ८ सेंटीमीटर, त्याला लागतात ५२ मायक्रोसेकंद. नेहमीचं मशीन एकेक ओळ करत चित्र भरतं, एका ओळीसाठी एक शॉट (म्हणजे एकदा पाठवून ऐकणं), १२८ ओळी धरल्या तर जवळपास ६.७ मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला १५० चित्रं, बस. ह्यात कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स फास्ट करून काही होत नाही, आवाजच तेवढा हळू आहे. मग उपाय काय तर ओळी पाडायच्याच नाहीत. सगळ्या क्रिस्टलनी एकदम टाळी वाजवायची, सपाट लहर पूर्ण रुंदीभर जाऊ द्यायची आणि परत आलेल्या त्या एकाच शॉटच्या डेटावरून अख्खं चित्र गणिताने उभं करायचं. ह्याला प्लेन वेव्ह इमेजिंग म्हणतात आणि ह्यात ४ सेंटीमीटरला वरची मर्यादा थेट १९,००० च्या आसपास जाते.

अर्थात फुकट काही मिळत नाही. एका सपाट शॉटचं चित्र धुरकट येतं, पाठवताना फोकस नाही त्यामुळे कॉन्ट्रास्ट पडतो. म्हणून लहर थोडी थोडी तिरकी करून वेगवेगळ्या अँगलने पाठवतात आणि सगळी चित्रं फेजसकट, म्हणजे लहरींचे चढउतार जुळवून, बेरीज करतात. पॅरिसच्या ग्रुपने २००९ मध्ये हे कोहेरंट कंपाउंडिंग व्यवस्थित मांडलं आणि त्यानंतर ह्या क्षेत्राने जो वेग घेतला तो अजून थांबलेला नाही. ११ अँगल घेतले तर १०,००० शॉटचे ९०० फ्रेम होतात. तेव्हा प्रपोजलमध्ये "शॉट" आणि "फ्रेम" वेगळे लिहा, प्लीज.

एवढा वेग कशाला, हा प्रश्न घरच्यांनीही विचारलाय, आणि माझं आवडतं उदाहरण शिअर वेव्हचं. लिव्हर किंवा स्तनाच्या गाठीचा कडकपणा मोजायचा असेल तर प्रोबमधूनच एक लांब पल्स, १००-२०० मायक्रोसेकंदांचा, एका जागी फोकस करून मारतात, त्या जागचं टिश्यू काही मायक्रॉन ढकललं जातं आणि तिथून आडवी लहर पसरते. ही लहर आवाजासारखी पळत नाही, मऊ टिश्यूत साधारण १ ते १० मीटर प्रति सेकंद. ३ मीटर प्रति सेकंद धरा, २ सेंटीमीटर ओलांडायला तिला ६.७ मिलिसेकंद लागतात. वरचं गणित आठवा, १५० फ्रेमवालं मशीन तेवढ्या वेळात एकच चित्र काढतं. म्हणजे लहर आली आणि गेली, पत्ताच नाही. तेच प्लेन वेव्हने १०,००० च्या वेगाने टिपलं तर त्या ६.७ मिलिसेकंदांत ६५-६७ चित्रं मिळतात आणि लहर अक्षरशः चालताना दिसते. तिचा वेग काढला, वर्ग केला, घनतेने गुणलं की शिअर मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, ३ मीटरला ९ किलोपास्कल. मला आजही ती लहर पुशच्या जागेपासून दोन्ही बाजूंना फाकत जाताना बघितली की बरं वाटतं, जिलेटिनच्या वडीतसुद्धा.

जिलेटिनवरून आठवलं, टेस्टसाठी महागडा फँटम (टिश्यूची नक्कल करणारा ठोकळा) असलाच पाहिजे असं काही नाही. जिलेटिन किंवा चायना ग्रास म्हणजे अगर-अगर गरम पाण्यात विरघळवायचं, त्यात इसबगोलाची भुकटी ढवळायची जेणेकरून चित्रात दाणेदार ठिपके येतात (नाहीतर सगळं काळंभोर दिसतं), आणि घट्ट व्हायला लागल्यावर भुकटी तळाशी बसू नये म्हणून अधूनमधून हलवत राहायचं. बुडबुडे मात्र राहू देऊ नका, एक बुडबुडा खालचं सगळं चित्र सावलीत टाकतो. जास्त जिलेटिन घातलं की वडी कडक होते आणि लहर पटकन पळते, कमी घातलं की संथ, त्यामुळे नवीन स्क्रिप्ट बरोबर चालतेय का ते तपासायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. कॅलिब्रेटेड फँटम पेपरच्या आकड्यांसाठी लागतोच, पण रोजच्या मारामारीसाठी इसबगोल जिंदाबाद.

फेज्ड ॲरेचं, म्हणजे बीम वळवणाऱ्या प्रोबचं, बोलायचं तर ते हृदयाच्या कामाला. बरगड्यांमधून डोकावायचं असतं म्हणून प्रोबचं तोंड छोटं लागतं आणि बीम डावी-उजवीकडे भरपूर वळवावा लागतो. बीम वळवायचा तर क्रिस्टलमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास हवं, नाहीतर भलत्याच दिशेला दुसरा बीम फुटतो, ज्याला ग्रेटिंग लोब म्हणतात, आणि चित्रात भुतं दिसतात. २.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.६ मिलिमीटरच्या जराशी वर, म्हणून पी४-२ सारख्या ६४ क्रिस्टलच्या प्रोबमध्ये हे अंतर ०.३ मिलिमीटरच्या जवळपास असतं. आता एल११-४व्ही हा लिनिअर प्रोब घ्या, त्यातही अंतर ०.३ च आहे पण तो चालतो ६.२५ मेगाहर्ट्झला, तिथे तरंगलांबी पाव मिलिमीटर, म्हणजे तो फार वळवता येत नाही. "आमच्याकडे लिनिअर आहे, त्यानेच हृदय बघू" असं कोणी म्हटलं तर हे गणित दाखवा. हृदयाला १५ सेंटीमीटर खोली लागते, एका शॉटला १९५ मायक्रोसेकंद, ओळीओळीने १२० ओळी केल्या तर जेमतेम ४३ फ्रेम. इथे सपाट लहरीऐवजी प्रोबच्या मागे एक काल्पनिक बिंदू मानून तिथून पसरणारी लहर पाठवतात, डायव्हर्जिंग वेव्ह, आणि सेकंदाला ५,००० शॉटपर्यंत जाता येतं. व्हॉल्व्ह बंद होताना भिंतीतून जी थरथर पळते ती अशी पकडता येते. पण ऊर्जा एवढ्या मोठ्या पंख्यात वाटली गेल्यामुळे सिग्नल अशक्त असतो, खोलवर तर फारच, त्यामुळे सडपातळ व्हॉलंटियरवर सुंदर चित्र आलं म्हणून सगळ्या पेशंटवर येईल ह्या भ्रमात राहू नका.

आता मशीनवर प्रत्यक्ष काम कसं चालतं. सगळं मॅटलॅबमध्ये, म्हणजे गणिती कामाच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये. तुम्ही एक सेटअप स्क्रिप्ट लिहिता, त्यात स्ट्रक्चर भरायचे असतात: ट्रान्स म्हणजे प्रोब, टीडब्ल्यू म्हणजे पल्सचा आकार, टीएक्स म्हणजे कुठल्या क्रिस्टलने किती उशिरा पाठवायचं, रिसीव्ह म्हणजे कुठून कुठपर्यंत ऐकायचं आणि कुठल्या बफरमध्ये (मेमरीच्या कप्प्यात) ठेवायचं, रिकॉन म्हणजे चित्र कसं बांधायचं, आणि सगळ्यात शेवटी इव्हेंट. इव्हेंट म्हणजे क्रमवार यादी: हा शॉट मार, हे ऐक, १०० मायक्रोसेकंद थांब, पुढचा शॉट मार, आता डेटा कॉम्प्युटरला पाठव, आता चित्र बांध, आता मॅटलॅबला हाक मार. मग व्हीएसएक्स नावाचा प्रोग्रॅम ती यादी चालवतो, स्लायडरवाली खिडकी उघडते आणि चित्र सुरू.

पहिल्यांदा ही स्क्रिप्ट बघितली की दडपण येतं, खोटं कशाला बोला. दोन-तीनशे ओळी, त्यातल्या निम्म्या फॉर लूपमध्ये इंडेक्स मोजतायत. पण एकदा यादी वाचायची सवय लागली की लक्षात येतं की हे फार प्रामाणिक डिझाइन आहे, पाठवण्या-ऐकण्यात लपवालपवी नाही, जो शॉट यादीत आहे तोच मारला जातो आणि त्याच क्रमाने. मी नव्या माणसाला सांगते की पहिले काही दिवस स्वतःचं काहीच लिहू नकोस, सोबत मिळणाऱ्या उदाहरणांतली एल७-४ ची सगळ्यात छोटी प्लेन वेव्हची स्क्रिप्ट घे आणि कागदावर इव्हेंटचा तक्ता काढ, कुठला टीएक्स, कुठला रिसीव्ह, कुठला बफर. आळस न करता एवढं केलं की पुढचे महिने वाचतात. सिम्युलेट मोड पण आहे, हार्डवेअर न जोडता स्क्रिप्ट चालवून बघता येते, त्यामुळे मशीनपाशी नंबर लावून बसायची गरज नाही, घरी डीबग करा आणि मगच प्रोब हातात घ्या.

खरा घोळ जिथे होतो ती जागा सांगते कारण मॅन्युअलमध्ये असूनही लोकांच्या नजरेतून निसटते. ह्या सिस्टिममध्ये दोन सिक्वेन्सर आहेत, एक हार्डवेअरचा आणि एक सॉफ्टवेअरचा, आणि दोघं आपापल्या वेगाने पळतात. हार्डवेअर डेटा गोळा करत सुटतं, सॉफ्टवेअर चित्र बांधत मागून येतं आणि मागे पडलं तर मधले फ्रेम सोडून ताज्याला हात घालतं. स्क्रीनवर बघण्यापुरतं हे छानच आहे, चित्र कधी अडकत नाही, पण तुम्ही वेग मोजत असाल आणि प्रत्येक फ्रेम ओळीने हवा असेल तर दोघांना कुठे थांबायचं ते तुम्हीच इव्हेंटमध्ये सांगायला हवं, ट्रान्सफर पूर्ण होईपर्यंत थांब, मग प्रोसेस कर, मग बफर मोकळा झाल्याचं कळव. हे नाही केलं तरी मशीन तक्रार करत नाही, चित्रही येतं, फक्त डेटा तुम्हाला वाटतो त्या क्षणाचा नसतो. डॉप्लरमध्ये हे झालं तर तुम्ही छापलेला रक्ताचा वेग चुकीचा.

दुसरं म्हणजे सुपरफ्रेम. प्रत्येक शॉटनंतर डेटा पाठवत बसलात तर ट्रान्सफरच्या सुरुवातीलाच वेळ जातो आणि १०,००० चा वेग गाठणं विसरा. म्हणून २०० शॉट मशीनच्या स्वतःच्या मेमरीत गोळा करायचे आणि एका दमात पाठवायचे. ह्याचं गणित बघा, ६.२५ मेगाहर्ट्झचा प्रोब, चौपट म्हणजे २५ मेगाहर्ट्झने सॅम्पलिंग, ५२ मायक्रोसेकंद म्हणजे १३०० सॅम्पल, १२८ चॅनल, प्रत्येक सॅम्पल २ बाइट, एका शॉटचे झाले ०.३३ मेगाबाइट. २०० शॉटचे ६६ मेगाबाइट, गोळा करायला २० मिलिसेकंद. केबलचा वेग जास्तीत जास्त ६.६ गिगाबाइट प्रति सेकंद सांगितला जातो, म्हणजे पाठवायला १० मिलिसेकंद. जमलं! आता २५६ चॅनलवर तेच करा, सेकंदाला ६.६६ गिगाबाइट होतात, केबलच्या अगदी कडेला, आणि कागदावरचा जास्तीत जास्त वेग प्रत्यक्षात कायम मिळेल असं धरून सिक्वेन्स लिहायचा नसतो. मला वाटतं हे मशीन घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या कामासाठी हे एवढं गणित वहीत करावं, खोली, सॅम्पलिंग, चॅनल, शॉट. पुष्कळ वेळा लक्षात येतं की १२८ चॅनलचं मॉडेल पुरतं आणि उरलेल्या पैशात चांगला प्रोब येतो.

आणि सेव्ह करणं! मिनिटभर सलग रेकॉर्ड केलं तर १२८ चॅनललाच २०० गिगाबाइट. त्यामुळे कोणी सलग मिनिटभर करत नाही, तुकड्यातुकड्यांत घेतात, पण तरी कॉम्प्युटरला भरपूर रॅम आणि फास्ट एनव्हीएमई डिस्क हवीच. मॅटलॅबचा नेहमीचा सेव्ह कॉम्प्रेस करत बसतो आणि तिथेच सगळा वेळ जातो, मोठ्या फाइलच्या फॉरमॅटमध्ये नो-कॉम्प्रेशन ऑप्शन द्या किंवा सरळ बायनरी लिहा. डेटा इंटिजर १६ मध्येच ठेवा, डबल केलात तर चौपट. हे सगळं बारीकसारीक वाटतं पण उंदराला भूल देऊन टेबलावर ठेवलेला असताना प्रत्येक सेव्हला दोन-दोन मिनिटं थांबणं किती जीवघेणं असतं ते करणाऱ्यालाच कळतं.

रॉ डेटा हातात असण्याचा फायदा एका प्रसंगातून सांगते. आम्ही एका विक्रेत्याकडून जुना प्रोब घेतला, "फुल्ली टेस्टेड" म्हणून, सोबत त्यांनी क्लिनिकल मशीनवर काढलेलं चित्रही पाठवलं होतं आणि चित्र खरंच ठीकठाक दिसत होतं. व्हँटेजला लावला, एकेका क्रिस्टलने पाठवून त्याच क्रिस्टलने ऐकायची छोटी स्क्रिप्ट चालवली, प्रोब हवेतच, म्हणजे समोरच्या लेन्सवरून येणारा प्रतिध्वनी दिसतो. सगळे चॅनल शेजारी शेजारी मांडले की एकसारखा पट्टा दिसायला हवा, इथे मधेच सलग काळी पट्टी, तिथले क्रिस्टल मेलेले. बीमफॉर्म केलेल्या चित्रात शंभरातल्या बाकीच्यांची बेरीज हे झाकून टाकते, पण तुम्ही फेजवर काम करत असाल तर हे असं भोक चालत नाही. ते चित्र मेलला जोडलं, थोडी खेचाखेची झाली पण प्रोब परत गेला. तेव्हापासून आमच्याकडे आलेला कुठलाही प्रोब आधी ही टेस्ट देतो, नवा कोरा असला तरी.

प्रोबच्या बाबतीत अजून एक चांगली गोष्ट म्हणजे पुढचा ॲडॉप्टर बदलता येतो, यूटीए म्हणतात त्याला, त्यामुळे वेगवेगळ्या कनेक्टरचे प्रोब लागतात. जुन्या एटीएल एचडीआयचे एल७-४, पी४-२ वगैरे प्रोब ह्यामुळेच अजून लॅबांमधून फिरत असतात, एटीएल १९९८ मध्ये फिलिप्सने विकत घेतली तरी. वेगळा ॲडॉप्टर घेऊन १०२४ क्रिस्टलचा मॅट्रिक्स प्रोब मल्टिप्लेक्सरने (क्रिस्टल आळीपाळीने जोडणाऱ्या स्विचने) २५६ चॅनलवर चालवता येतो, म्हणजे थ्रीडी. फ्रिक्वेन्सी मात्र ऑर्डर देतानाच ठरवा, स्टँडर्ड कॉन्फिगरेशन ०.५ ते २० मेगाहर्ट्झ, छोट्या प्राण्यांच्या कामाला हाय फ्रिक्वेन्सीवालं वेगळं लागतं. शिअर वेव्ह करायचं असेल तर लांब पुश पल्स झेपेल असा पॉवरचा ऑप्शन आहे का ते कोटेशनमध्ये बघा. लांब पल्समध्ये व्होल्टेज खाली बसतं, ते किती बसतं ते हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनने, मोजून ठेवा.

आवडत नाही ते पण सांगते. एक, मॅटलॅबशिवाय गाडं पुढे सरकत नाही आणि मॅटलॅबच्या लायसन्सचा खर्च वेगळा. पायथनमध्ये वाढलेल्या मुलांना हे जड जातं. दोन, बीमफॉर्मरचा आतला भाग त्यांचा आहे, तो उघडून बघता येत नाही. पण रॉ डेटा आपला असल्यामुळे आपला बीमफॉर्मर जीपीयूवर लिहा, कोण अडवतंय, आम्ही तेच करतो, त्यांचा फक्त लाइव्ह बघायला. तीन, किंमत कुठे लिहिलेली नसते, कोटेशन मागवावं लागतं आणि एका डिपार्टमेंटच्या वार्षिक बजेटमध्ये बसेल अशी ती नाहीच, दोन-तीन ग्रुपने मिळूनच घ्या. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, हे रिसर्च मशीन आहे, रोगनिदानाचं नाही. क्लिनिकल मशीन तुमच्या वतीने आउटपुटवर लक्ष ठेवतं, इथे ती जबाबदारी तुमची. माणसावर प्रोब ठेवण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी तर हवीच, शिवाय तुमच्या प्रत्येक सिक्वेन्सचं हायड्रोफोन मोजमाप हवं, अमेरिकन एफडीएच्या मर्यादा आहेत, मेकॅनिकल इंडेक्स (आवाजाच्या दाबाने इजा होण्याचा धोका दाखवणारा आकडा) १.९ आणि टाइम ॲव्हरेज इंटेन्सिटी ७२० मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर, डोळ्यासाठी तर खूपच कमी. "प्लेन वेव्ह फोकस नसते म्हणून सेफ" असं उडत उडत म्हणणारे भेटतात, पण सेकंदाला हजारो शॉट मारल्यावर सरासरी कुठे जाते ते मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसरे पर्याय पण बघा. इटलीत फ्लॉरेन्स युनिव्हर्सिटीचं यूएलए-ओपी २५६ आहे, त्यात बोर्डवरच एफपीजीए आणि डीएसपी चिपमध्ये प्रोसेसिंग होतं. डेन्मार्कच्या डीटीयू युनिव्हर्सिटीचं सारस १०२४ चॅनलचं आहे, पण ते त्यांच्या लॅबपुरतं. वॉर्सामधल्या यूएसफोरयूएसची सिस्टिम पायथनवरून चालते, तुमच्या ग्रुपला मॅटलॅबची ॲलर्जी असेल तर आधी तिकडे चौकशी करा. मी व्हँटेजकडे झुकते कारण वापरणारे जगभर आहेत, कुठल्याही पेपरचा सिक्वेन्स आपल्याकडे उतरवता येतो, अडलं की विचारायला माणूस मिळतो. व्हँटेज एनएक्सटी ही पुढची पिढी आली आहे, नवीन घेणाऱ्यांनी कोटेशन तिचंच मागवावं.

वेल्डिंग तपासणीवाल्यांसाठी दोनच ओळी, कारण त्यांचेही मेसेज येतात. स्टीलमध्ये आवाज ५९०० मीटर प्रति सेकंद पळतो, ५० मिलिमीटरला जाऊन-येऊन १७ मायक्रोसेकंद, ६४ क्रिस्टलची फुल मॅट्रिक्स कॅप्चर (एकेकाने पाठवायचं, सगळ्यांनी ऐकायचं) १.१ मिलिसेकंदात मिळायला हवी, पण स्टीलमध्ये प्रतिध्वनी घुमत राहतात, ते विरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो. नवे अल्गोरिदम करून बघायला मशीन उत्तम, साइटवर न्यायला अजिबात नाही.

आता आपल्याकडे घेण्याबद्दल, कारण हे कोणी आधी सांगत नाही आणि मग ऑर्डर अडकते. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा. १९९४ चा केंद्राचा, आणि त्याआधी १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. मुलींच्या गर्भांचं जे झालं ते बघता हा कायदा कडकच हवा, ह्यावर माझं दुमत नाही. पण त्यात विक्रीवरच बंधन आहे: नोंदणी नसलेल्या कोणालाही, गर्भाचं लिंग ओळखता येईल असं अल्ट्रासाऊंड किंवा इमेजिंग मशीन विकता येत नाही. "आमचं तर इंजिनिअरिंग कॉलेज, आम्ही जिलेटिनवर आणि उंदरांवर करणार" हे तुमच्या मनात स्पष्ट असलं तरी मशीनची क्षमता कागदावर तीच दिसते. त्यामुळे टेंडर काढायच्या आधी तुमच्या भागातल्या समुचित प्राधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, काय घेताय, कुठल्या खोलीत राहणार, कोण वापरणार, आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी "चालेल हो" वर कोट्यवधींची ऑर्डर टाकू नका. मेडिकल कॉलेजबरोबर मिळून प्रोजेक्ट करत असाल तर त्यांच्या रेडिओलॉजीवाल्यांना ही प्रक्रिया तोंडपाठ असते, त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

आणि ज्यांच्याकडे मशीन नाहीये आणि लगेच येणारही नाही त्यांनी थांबून राहू नका. २०१६ च्या पिकमस चॅलेंजचा (प्लेन वेव्ह इमेजिंगच्या स्पर्धेचा) डेटा व्हँटेज २५६ वरच, एल११ प्रोबने घेतलेला आहे, ७५ अँगल, उणे १६ ते अधिक १६ अंश, आणि सगळ्यांसाठी खुला आहे. तो उतरवून घ्या आणि डिले-अँड-सम बीमफॉर्मर स्वतः लिहा, आधी एक अँगल, मग ११, मग ७५, कॉन्ट्रास्ट कसा सुधारत जातो ते डोळ्यांनी बघा. सिम्युलेशनला फील्ड टू, के-वेव्ह, मस्ट आहेत, तिन्ही रिसर्चसाठी फुकट मिळतात. एवढं ज्याच्या हातात बसलंय असा निदान एक मुलगा किंवा मुलगी ग्रुपमध्ये असेल, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथेच राहणार असेल, तर सरांना सांगा बिनधास्त कोटेशन मागवा. तसं कोणीच नसेल तर आधी माणूस शोधा, मशीन पुढच्या वर्षी.